बाबांचा पोस्टपेड नंबर प्रीपेड करायचाय, वापर अगदीच कमी आहे. कसं करावं?

सहकारनगरची_लेक

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते म्हणजे उत्तर देणाऱ्यांना परत परत विचारावं लागणार नाही. बाबा ७४ वर्षांचे, पिंपरीच्या एका कारखान्यातून रिटायर झालेले. मोबाईल नंबर तेव्हा कंपनीनेच दिलेला होता, रिटायर झाल्यावर तो स्वतःच्या नावावर करून घेतला पण पोस्टपेडच राहिला, बदलायचा विचार कोणाच्या डोक्यातच आला नाही. आता ४४९ चा प्लॅन आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे दर महिन्याला ५२९ रुपये ८२ पैसे जातात.

परवा रविवारी गेले होते तेव्हा मागच्या महिन्याचं बिल काढलं आणि पेन्सिल घेऊन बसले. अख्ख्या महिन्यात आउटगोइंग कॉल ३८. त्यातले ११ मला, ९ साताऱ्याला आत्याला, बाकी डॉक्टर, गॅसवाला, औषधाचं दुकान आणि टेकडीवरची मित्रमंडळी. सगळ्यात मोठा कॉल आत्याचा, १४ मिनिटं. सगळे धरून ९७ मिनिटं. डेटा ३०० एमबीच्या आत, आणि तोही सकाळी तळजाई टेकडीवर गेल्यावर गुड मॉर्निंगचे फोटो आपोआप डाउनलोड होतात त्याचा असणार, कारण घरी ब्रॉडबँड आहे आणि घरात फोन वायफायवरच असतो.

बाबांचं म्हणणं एकच, बोललो तेवढ्याचे पैसे घ्या, न बोललेल्याचे कशाला. पूर्वी कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून १० रुपयांचं कूपन आणून नाण्याने खरवडायचो ते त्यांना पक्कं आठवतंय, तसंच काहीतरी पाहिजे म्हणतात. तसं अजून मिळतं का? आणि दुसरं म्हणजे नंबर जायला नको. ईपीएफची पेन्शन, बँक, आधार, गॅस सगळीकडे हाच नंबर आहे. खरं सांगायचं तर मला पैशांपेक्षा तीच भीती जास्त वाटतेय.

हिशेबी_काका

ताई, तुम्ही बिल काढून मिनिटं मोजलीत हे फार चांगलं केलंत, बहुतेक लोक तिथपर्यंत जातच नाहीत, बिल आलं की भरून मोकळे होतात.

आता तुमच्या बाबांना जे पाहिजे ते, म्हणजे बोलू तेवढेच पैसे, ते आपल्याकडे आता जवळजवळ उरलेलं नाही. २००९ ला सेकंदाला १ पैसा आलं होतं तेव्हा खरंच तसं होतं, दर महिन्याला रिचार्ज मारलं नाही तरी इनकमिंग चालू. मग २०१६ ला जिओ आलं आणि सगळंच अनलिमिटेडकडे गेलं, आणि २०१८ च्या शेवटी शेवटी बाकीच्या कंपन्यांनी दर २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचं रिचार्ज सुरू केलं, नाही मारलं तर आधी आउटगोइंग बंद मग इनकमिंग बंद. तेव्हापासून आपण मिनिटं विकत घेत नाही, दिवस विकत घेतो. फोनला हात नाही लावला तरी दिवस जातोच. त्यामुळे ९७ मिनिटांचा हिशोब बाजूला ठेवा आणि एका दिवसाला किती पडतात तेवढंच बघा.

१० रुपयांचा टॉपअप आजही मिळतो, ट्रायने, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर नियम घालणाऱ्या सरकारी संस्थेने, तो ठेवायलाच लावलाय, त्यात ७ रुपये ४७ पैसे टॉकटाइम येतो. पण त्याच्याबरोबर व्हॅलिडिटी येत नाही, म्हणजे चालू प्लॅन नसेल तर ते पैसे नुसते बॅलन्समध्ये पडून राहतात आणि कॉल काही लागत नाही. बाबांना हे आधीच समजावून सांगा, नाहीतर १० चं मारून बसतील आणि फोन का लागत नाही म्हणून चिडतील.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट ही की २३ डिसेंबर २०२४ ला ट्रायने नियम बदलला, प्रत्येक कंपनीने निदान एक तरी पॅक फक्त कॉल आणि एसएमएसचा, डेटाशिवाय, द्यायलाच पाहिजे. ज्येष्ठ नागरिक, साधे फोन वापरणारे आणि घरी ब्रॉडबँड असणारे, यांना नको असलेल्या डेटाचे पैसे का लावायचे हाच मुद्दा होता, म्हणजे अगदी तुमच्या बाबांची केस. याच नियमात अशा खास पॅकची (स्पेशल टॅरिफ व्हाउचरची) जास्तीत जास्त मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवस केली. मग जानेवारी २०२५ मध्ये एअरटेलने ८४ दिवसांचा ४६९ ला आणि वर्षाचा १८४९ ला काढला, जिओने ८४ दिवसांचा ४४८ ला आणि ३३६ दिवसांचा १७४८ ला. कॉल सगळ्यात अनलिमिटेड. हे तेव्हाचे भाव आहेत, रिचार्ज मारायच्या आधी ॲपमध्ये त्या दिवशीचा भाव बघून घ्या.

१८४९ भागिले ३६५ म्हणजे दिवसाला ५ रुपये ७ पैसे. ४६९ वाला दिवसाला ५ रुपये ५८ पैसे. आणि तुमचं आत्ताचं बिल वर्षाला ६३५७ रुपये ८४ पैसे, दिवसाला १७ रुपये ४२ पैसे. प्रीपेडच्या किमतीत जीएसटी धरलेलाच असतो, वर काही लागत नाही. वर्षाला साडेचार हजार वाचतात, त्यात बाबांच्या घरच्या ब्रॉडबँडचे बरेच महिने निघतील.

मंडईकर

हिशेबी काकांनी गणित बरोबर मांडलंय, मी फक्त बदलताना काय काय होतं ते सांगतो कारण मी मार्चमध्ये स्वतःचा आणि बायकोचा असे दोन नंबर पोस्टपेडचे प्रीपेड केले आणि दोन्ही वेळा चटके बसले.

पहिली गोष्ट, कंपनी तीच ठेवायची असेल तर पोर्ट करायची, म्हणजे नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जायची, गरज नाही, नुसतं पोस्टपेडचं प्रीपेड करून मिळतं. २०२१ मध्ये दूरसंचार खात्याने ओटीपीवर हे करायची परवानगी दिली आहे, पण मी कंपनीच्या गॅलरीतच, म्हणजे दुकानातच गेलो, आधार घेऊन. आता माझी चूक झाली ती अशी की त्यांनी नवीन सिम दिलं आणि मी काही न विचारता घेतलं. नवीन सिम चालू झालं की पहिले २४ तास त्यावर एसएमएस येतही नाही आणि जातही नाही, कोणी दुसऱ्याच्या नावाने सिम काढून बँक खातं साफ करू नये म्हणून हा नियम केलाय, आणि नियम योग्यच आहे. पण मला माहीत नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी सिम घेतलं आणि शनिवार हा मुलीच्या कॉलेजची फी भरायचा शेवटचा दिवस. कार्डाचा ओटीपी काही केल्या येईना. आठ-दहा वेळा रिसेंड दाबलं, फोन बंद-चालू केला, बँकेला फोन केला. शेवटी मेव्हण्याला फोन करून त्याच्या कार्डावरून भरली. तर ताई, ज्या दोन दिवसांत बँकेचं, दवाखान्याचं काहीच काम नाही असे दिवस बघून करा. आणि काउंटरवर आधीच विचारा की सिम तेच राहणार का नवीन.

दुसरा चटका जास्त त्रासाचा. बिलिंग सायकलच्या मध्येच बदललं तर त्या अर्ध्या महिन्याचं शेवटचं बिल नंतर तयार होतं. माझं २१२ रुपयांचं होतं. पण नंबर प्रीपेड झाल्यामुळे ॲपमध्ये पोस्टपेडचं पानच दिसेना, ईमेल कुठल्यातरी जुन्या आयडीवर गेलेला, आणि दीड महिन्याने वसुलीवाल्यांचे फोन चालू झाले, तेही बायकोला. २१२ रुपयांसाठी त्या माणसाने तिच्याशी ज्या भाषेत बोलावं ते ऐकून माझं डोकं फिरलं. १९८ ला तक्रार नोंदवली, तक्रारीचा नंबर घेतला, बिल मागवून भरलं आणि थकबाकी नाही असं लेखी घेतलं. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारा की शेवटचं बिल कधी आणि कुठे येणार, ईमेल कुठला नोंदवलाय. बिलाची तारीख संपल्यावर लगेच गेलात तर ते बिल अगदी थोडं येईल. कार्डावर ऑटोपे लावलेलं असेल तर शेवटचं बिल कापलं गेल्यावर ते बंद करा, आधी नको.

आणि डिपॉझिट! कंपनीकडून नाव बदलून घेताना बाबांनी काही डिपॉझिट भरलं होतं का बघा, पावती नसली तरी जुन्या बिलावर लिहिलेलं असतं. ते परत मिळायला पाहिजे, मागितलं नाही तर कोणी आठवण करून देत नाही.

पर्वतीपायथा

मी थोडं उलट बोलणार आहे, राग मानू नका. पैसे वाचतात हे खरंच आहे पण पोस्टपेडचा एक मोठा फायदा कोणी लिहिला नाही, तो आपोआप बंद पडत नाही. बिल उशिरा भरलं तरी आधी चार मेसेज येतात, फोन येतात. प्रीपेडची मुदत संपली की थोडे दिवस इनकमिंग चालतं आणि मग गुपचूप बंद होतं, आणि ज्याचा फोन आहे त्याला कळतच नाही.

माझी आई भोरजवळ आमच्या गावी असते. तिचा २८ दिवसांचा पॅक होता, रिचार्ज मी मारायचो. गेल्या वर्षी गणपतीच्या गडबडीत राहून गेलं. मी रोज रात्री फोन करतो पण त्या आठवड्यात घरी पाहुणे, पाच दिवस केलाच नाही. सहाव्या दिवशी केला तर तात्पुरती सेवा बंद. शेजारच्यांना फोन लावला, त्यांनी जाऊन तिच्या हातात फोन दिला. आई म्हणाली, तुम्ही सगळे कामात असाल म्हणून मीच वाट बघत बसले होते. फोन चार्ज करून, आवाज मोठा करून, देवघराच्या कट्ट्यावर ठेवलेला होता तिने. अजून आठवलं तरी पोटात कालवतं.

म्हणून माझं म्हणणं, बदला पण २८ दिवसांच्या भानगडीत अजिबात पडू नका, वर्षाचाच मारा. आणि मुदत संपत आल्याचा मेसेज त्यांच्याच फोनवर जातो, तो त्या पन्नास जाहिरातींच्या मेसेजमध्ये कुठे दिसणार. तारीख तुमच्या फोनमध्ये आठ दिवस आधीच्या आठवणीसह टाका, आणि भावालाही टाकायला सांगा, एकावर विसंबून राहू नका.

व्हॉट्सॲपवर एक फॉरवर्ड फिरतो की २० रुपये बॅलन्स ठेवला की सिम कायम चालू राहतं, ट्रायचा नवीन नियम वगैरे. तो नवीन नाही, २०१३ चा आहे, आणि त्याचा अर्थ वेगळा आहे. ९० दिवस सिमचा काहीच वापर नाही झाला तर नंबर काढून घेता येतो, तेव्हा २० रुपये बॅलन्स असेल तर ते कापून नंबर आणखी ३० दिवस राखून ठेवायचा, एवढंच. नंबर तुमच्या नावावर राहतो, इनकमिंग चालू राहील असं त्यात कुठेही नाही. यावर भरवसा ठेवून कोणी वडिलांचा नंबर सोडू नका, एकदा गेलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला देतात आणि मग तुमच्या बँकेचे मेसेज तिसऱ्याच माणसाला जायला लागतात.

सहकारनगरची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. पर्वतीपायथा, तुमच्या आईंचं वाचून मी लगेच बाबांना फोन लावला.

दोन शंका आहेत अजून. फक्त कॉलवाला पॅक घेतला आणि बाहेर असताना व्हॉट्सॲपला हात लागला तर बॅलन्समधून पैसे कापतील का? आणि बाबा औषधाच्या दुकानात यूपीआय करतात, १०० - २०० रुपयांचं, तेवढं त्यांना जमतं आणि आवडतंही. मोबाईल डेटा नसेल तर ते बंद होईल, मग परत सुटे पैसे शोधत बसायचं. आणि घरात खालच्या मजल्यावर रेंज जाऊन-येऊन असते त्याचं काही करता येईल का?

डेक्कन_कट्टा

माझं मोबाईल रिपेरिंगचं दुकान आहे, असे ज्येष्ठ लोक रोज येतात त्यामुळे सांगतो.

मेन बॅलन्समध्ये पैसे असतील आणि डेटा पॅक नसेल तर कापले जाऊ शकतात म्हणून बॅलन्स शून्य ठेवलेला बरा आणि फोनमध्ये मोबाईल डेटा बंद करून टाका, वरून खाली ओढल्यावर जे बटण दिसतं तेच. अजून पक्कं करायचं असेल तर १९२५ हा डेटा चालू-बंद करायचा ट्रायचा टोल फ्री नंबर आहे, त्यावर STOP असा, इंग्रजी अक्षरांत, मेसेज टाकला की कंपनीकडूनच डेटा बंद होतो. पण काकांना दुकानात यूपीआय करायचंय तर हे करू नका. त्यांच्यासाठी थोडा डेटा असलेला प्लॅन किंवा कॉलच्या पॅकवर वेगळं छोटं डेटा व्हाउचर, दोन्हीतलं काय स्वस्त पडतं ते ॲपमध्ये बघा. व्हाउचर घेतलंत तर त्याची मुदत आधी वाचा, काही एका दिवसाची असतात काही मूळ प्लॅन असेपर्यंत चालतात. आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा मध्ये जाऊन मोबाईल डेटावर फोटो-व्हिडिओ डाउनलोड बंद करा, तुमचे ते ३०० एमबी तिथेच जातायत. हे केलं की १ जीबी काकांना कितीतरी दिवस पुरेल.

यूपीआयची अजून एक गोष्ट लोकांना माहीत नसते. ॲप नवीन फोनमध्ये टाकलं किंवा सिम बदललं की ते परत व्हेरिफाय करायला सिमवरून एक एसएमएस बाहेर पाठवतं. पॅकमध्ये एसएमएस नसतील आणि बॅलन्सही नसेल तर तो जात नाही आणि ॲप नुसतं फिरत बसतं. गेल्याच आठवड्यात एक आजी आल्या होत्या, दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, फोन खराब आहे म्हणून नवीन घ्यायला निघाल्या होत्या. फोनला काही झालं नव्हतं, फक्त एसएमएस नव्हता. वर हिशेबी काकांनी लिहिलेल्या कॉलच्या पॅकमध्ये एसएमएस येतात, एअरटेलच्या ८४ दिवसांच्या पॅकमध्ये ९०० होते, जिओच्या १०००, त्यामुळे ती अडचण नाही.

रेंजचं सोपं आहे. घरी वायफाय आहे ना, मग फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा, कॉल घरच्या वायफायवरून जातो, नेहमीच्याच नंबरवरून आणि वेगळे पैसे नाहीत. पेठेतल्या जुन्या वाड्यांत भिंती दीड-दोन फुटी, आत रेंजच शिरत नाही, तिथल्या निम्म्या गिऱ्हाइकांना मी हेच करून देतो. फोन फार जुना असेल तर तो पर्याय नसतो, मॉडेल सांगा म्हणजे बघून सांगतो.

हिशेबी_काका

एक राहिलं. एकदा प्रीपेड केलं की दुसऱ्या दिवशी मन बदललं म्हणून ओटीपीवर परत फिरता येत नाही. आधी ९० दिवस थांबावं लागायचं, जून २०२५ मध्ये पहिल्या वेळेसाठी ते ३० दिवस केलंय. त्यामुळे ३० दिवस वापरून बघायला हरकत नाही, पण पहिल्याच दिवशी वर्षाचा पॅक मारू नका, आधी एक लहान पॅक मारून सगळं नीट चालतंय ना बघा, मग वर्षाचा.

आणि कंपनीच बदलायची असेल तर PORT लिहून, एक जागा सोडून नंबर, असा १९०० ला मेसेज, कोड येतो तो ४ दिवस चालतो. पण पोस्टपेडचं सगळं बिल आधी भरलेलं पाहिजे, आणि सिम बदललं असेल तर ७ दिवस पोर्टचा कोडच मिळत नाही, तेव्हा दोन्ही कामं एकदम काढू नका.

सहकारनगरची_लेक

झालं एकदाचं, म्हणून कळवते. बिलाची तारीख १४ होती, आम्ही १६ ला बाबांना घेऊन टिळक रोडच्या गॅलरीत गेलो. सिम तेच राहणार का असं आधीच विचारलं, तेच राहिलं. दुपारी साधारण दोन तास फोनला काहीच नव्हतं आणि मग मी रिचार्ज मारल्यावर चालू झाला, पहिला कॉल आत्याला. शेवटच्या बिलासाठी माझा ईमेल द्यायला सांगितला, काउंटरवरच्या मुलीने तो टाकून स्क्रीन आमच्याकडे वळवून दाखवला. बिल दोन दिवसांचंच आलं, भरून टाकलं.

पहिला २८ दिवसांचा मारलाय, थोडा डेटा असलेला. तळजाईवर दोन सकाळी मी मुद्दाम बरोबर गेले आणि औषधाच्या दुकानातही, यूपीआय पहिल्या झटक्यात झालं. व्हॉट्सॲपची सेटिंग बदलल्यावर आठवड्यात ४० एमबी सुद्धा गेले नाहीत. वायफाय कॉलिंगही चालू केलं, आता खालच्या खोलीत पलंगावर बसून बोलता येतं, आधी ते व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे आणि थंडीत मला त्याचं फार वाईट वाटायचं.

बाबांना मी दिवसाचा हिशोब सांगितला तेव्हा त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, मग आत्याशी जास्त वेळ बोललं तरी चालेल की. काल ५२ मिनिटं बोलले.

वर्षाचा पॅक पुढच्या महिन्यात मारणार आहोत. संपायची तारीख माझ्या आणि दादाच्या फोनमध्ये टाकलीय, आणि बाबांनी स्वतः कालनिर्णयवर लाल पेनने लिहून खाली दोन रेघा मारल्यात. डिपॉझिट जुन्या बिलावर ५०० दिसतंय, त्याचा अर्ज दिलाय, आलं की इथेच लिहीन. डेक्कन_कट्टा, तुमचं दुकान नक्की कुठे आहे, बाबांच्या फोनची बॅटरी बदलायचीय.